मधल्या जागेवर कुंदाताई

कुंदा महाले यांचे गेल्या महिन्यात, एका सोमवारी दुपारी, जव्हारमधील त्यांच्या भाड्याच्या खोलीत हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका होत्या. दुसऱ्या दिवशी पालघरच्या न्यायालयात एका खटल्याची तारीख होती आणि त्यासाठी संध्याकाळच्या एसटीने त्या खोडाळ्याला निघणार होत्या. घरमालकाचा मला फोन आला तेव्हा तो आधी पिशवीबद्दलच बोलला. "पिशवी भरून तयार होती हो त्यांची... पायाशीच होती, खुर्चीजवळ."

पालघरला जव्हारहून थेट एसटी जाते. खोडाळा त्याच्या उलट दिशेला. तरीही प्रत्येक तारखेच्या आदल्या संध्याकाळी कुंदाताई खोडाळ्याला जात, ओळखीच्या घरी मुक्काम करत आणि सकाळच्या जीपने मोखाड्यावरून पुन्हा जव्हारला येत. आपल्याच गावी परत येण्यासाठी हा फेरा त्या घालत, कारण त्या जीपमध्ये दोन बायकांच्या मधे कुणीतरी बसायला हवे होते.

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर शेताच्या बांधावरून भांडण झाले, डोक्यात काठी बसली आणि पार्वतीचा नवरा वारला. आरोपी शेजारच्याच घरातला, सखूबाईचा एकुलता एक मुलगा. तो तेव्हापासून तुरुंगात आहे. खटला चालू आहे. पार्वती प्रत्येक तारखेला जाते. आपण दिसलो नाही तर खटला बंद करतील, ही भीती वकिलांनी समजावूनही तिच्या मनातून गेलेली नाही. सखूबाई जाते कारण तारखेला पोलीस मुलाला घेऊन येतात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात तो तिला दिसतो. तुरुंगात भेटायला एकटीने जाणे तिला जमत नाही. तारीख हीच तिची भेट. वेळेत पोहोचवणारी जीप एकच आहे. जव्हारच्या पुढे एसटीत दोघी लांब बसू शकतात. जीपमध्ये ती सोय नाही.

निवृत्तीनंतर कुंदाताई एका लहान संस्थेचे काम करू लागल्या होत्या. कैद्यांच्या घरच्यांना मुलाकातीचे नियम समजावणे, जामिनासाठी काय काय लागते ते सांगणे, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्याबरोबर साक्षीच्या दिवशी कोर्टात बसणे, असे ते काम. पहिल्या तारखेला पार्वतीबरोबर जायला त्या खोडाळ्याला गेल्या, तेव्हा सखूबाई जीपच्या दाराशी उभी होती आणि पार्वती आतून ओरडत होती, "हिला घेतलं तं मी उतरते!" चालकाने हात वर केले. "तुमचं तुम्ही ठरवा बाय, मला गाडी भरून न्यायचीय." कुंदाताई आत चढल्या, पार्वतीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "जीप एकच हाय, पार्वती. मी मधी बसते. तिचा पदर पन लागायचा नाय तुला." मग सखूबाईला त्यांनी पलीकडच्या खिडकीशी घेतले. चालक म्हणाला, "ताई, तुम्ही दोन माणसांची जागा खाता." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर मला बोलावतात. बारीक बाई असती तर दोघी एकमेकींना दिसल्या असत्या." हा किस्सा चालक अजून सांगतो. त्या वेळी जीपमध्ये कुणी हसले नव्हते, हेही सांगतो.

एका फेरीत मी मागच्या बाकावर होतो. सखूबाईला गाडी लागते, म्हणून तिला खिडकी उघडी लागे. धुळीने पार्वतीला खोकला येई. मोखाड्याच्या अलीकडे पार्वती म्हणाली, "ताई, तिला सांग, खिडकी लाव." सखूबाई हातभर अंतरावर होती. तरी कुंदाताईंनी तिच्याकडे वळून, "सखू, खिडकी लाव म्हणते," असे सांगितले आणि वाळवलेल्या आवळ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. सखूबाईने तो तोंडात टाकला, काच लावली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, तिला इचार, आता उघडू का?" जव्हार येईपर्यंत त्या दोघींमध्ये एवढेच बोलणे झाले, तेही कुंदाताईंमार्फत.

मुलगा दोषी आहे असे वाटते का, हे मी त्यांना एकदा विचारले होते. "ते विचारायला कोर्ट आहे," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. खोलीत एक कॉट, एक खुर्ची आणि एकाच माणसापुरती भांडी होती. पार्वतीच्या दिराने त्यांना घरी यायला मनाई केली होती, कारण त्या आरोपीच्या आईला सोबत नेत. सखूबाईच्या भावकीतही त्यांना कुणी बसा म्हणत नसे, कारण त्या पार्वतीच्या शेजारी बसत. खोडाळ्याच्या बाजारात ओळखीचे लोक विचारत, "बाई, तुम्ही नक्की कोनाच्या?"  मी गेलो त्या दिवशी चहाला कप एकच निघाला. मी पिऊन झाल्यावर त्यांनी तो विसळून स्वतःसाठी घेतला. माझी त्यांची शेवटची भेट तीच. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी कप घेऊन ठेवते..."

त्या सोमवारी संध्याकाळी खोडाळ्याच्या एसटीतून कुंदाताई उतरल्या नाहीत. मंगळवारी सकाळपर्यंत निरोप पाड्यावर पोहोचला नव्हता. पार्वती जीपमध्ये बसली. सखूबाई दाराशी थांबली, वाट पाहत राहिली आणि चढली नाही. जीप तिला सोडून गेली. त्या दिवशी तिच्या मुलाला न्यायालयात आणले होते. तो व्हरांड्यात पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होता, असे पार्वतीने गावात कुणालातरी सांगितले. जव्हारला अंत्यसंस्कार झाले तेव्हा दोघींपैकी कुणी नव्हते.

पुढची तारीख गेल्या आठवड्यात झाली. जीपमध्ये काय झाले ते चालकाने सांगितले. पार्वतीला विचारले तेव्हा तिने ते नाकारले नाही. सकाळी पार्वती आपल्या जागेवर येऊन बसली. सखूबाई दाराशी उभी राहिली. चालकाने पार्वतीकडे पाहिले. ती समोर पाहत राहिली, उतरली नाही. सखूबाई पलीकडच्या दाराने चढली आणि खिडकीशी बसली. मधल्या जागेवर बसायला आलेल्या एका माणसाला चालकाने मागे पाठवले.

मोखाड्याच्या अलीकडे पार्वतीला खोकला आला. "ताई, तिला सांग, खिडकी लाव," ती म्हणाली.

सखूबाईने काच वर केली.