झालं म्हटल्यावरचा फोटो

"गुडघे! अहो, गुडघे वाकवा! झेंडूचा फोटो काढताय की छपराचा?"

मार्केट यार्डाच्या फुलबाजारात रविवारी सकाळी असा गलका असतो की शेजारी तोफ उडाली तरी माणूस मान वळवणार नाही. पण अण्णांचा आवाज त्या गलक्याला मधोमध चिरत माझ्यापर्यंत आला. दोन हमाल जागच्या जागी थांबले, एक आडत्या भाव सांगता सांगता आकडा विसरला, आणि शेवंतीच्या ढिगावर बसलेला बोका बाजार कायमचा सोडून गेला. मी गुडघे वाकवले. खोटं सांगत नाही, त्या दोन गुडघ्यांचा आवाज ऐकून तिकडे स्वारगेटला एका ड्रायव्हरने खाली उतरून टायर तपासले.

अण्णा म्हणजे आमच्या रविवारच्या फोटोवाल्यांच्या टोळक्यातले सर्वात जुने खोड. चाळीस वर्षं त्यांनी एका बोळात स्टुडिओ चालवला. निम्म्या पुण्याचे पासपोर्ट फोटो त्यांनी काढले. उरलेलं निम्मं पुणं परदेशी गेलं नाही ते त्यांच्याकडे फोटो काढला नाही म्हणूनच. आता स्टुडिओ बंद आहे, पण माणसाला स्टुलावर बसवून हनुवटी धरून वळवायची त्यांची सवय गेलेली नाही. चहावाल्यालासुद्धा ते "जरा डावीकडे बघा" म्हणतात.

आमची एक रीत आहे. बाजारातून फिरून झालं की सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जमायचं. प्रत्येकाने त्या दिवसाचा एकच फोटो निवडायचा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो लावायचा आणि अण्णांपुढे धरायचा. धरताना तोंड बंद. कुठे उभा होतो, उजेड कसा होता, कुत्रं कसं मध्ये आलं, यातलं अक्षरही बोलायचं नाही. जो बोलला त्याचा फोटो बाद. अण्णा बघतात आणि दोनपैकी एक शब्द उच्चारतात. "भिंत" म्हणाले तर तो फोटो आमच्या वर्षाच्या प्रदर्शनात लागतो. नाहीतर म्हणतात, "पुढे."

सात वर्षं मी "पुढे" ऐकत होतो. भरलेल्या बसमधल्या प्रवाशाने कंडक्टरकडून ऐकलं नसेल इतक्या वेळा. आणि त्यातले निम्मे फोटो तर न बघताच गेले. कारण कॅमेरा पुढे करतानाच माझ्या तोंडून निघायचं, "म्हणजे त्याचं काय झालं अण्णा—" की अण्णांचा हात वर. मला गप्प बसणं जमत नाही. जन्मलो तेव्हा डॉक्टरांनी मला रडवायला नाही, थांबवायला मारलं, असं आमच्या घरात सांगतात. मीच सांगतो.

यंदा मात्र भिंत मिळवणं भाग होतं. त्याला जबाबदार माझं तोंडच.

झालं असं, की आदल्याच दिवशी लोणी काळभोरला माझ्या मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर सगळ्या गोतावळ्याचा फोटो काढायचं ठरलं. मी कॅमेरा पाण्याच्या टाकीवर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला, पळत जाऊन मधोमध उभा राहिलो. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मेहुणा म्हणाला, "दाजी, एवढं मोठं धूड घेऊन हिंडताय, कधी कुठं फोटू लागतो का न्हाई?"

"लागतो का म्हणजे? पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे पुण्यात. मधल्या भिंतीवर माझाच आहे."

"कशाचा हाय?"

"ते आधी सांगायचं नसतं," मी म्हणालो. कारण मलाही माहीत नव्हतं.

"मग समदीच येतो की! टेम्पोच करतो," मेहुणा म्हणाला, आणि तिथल्या तिथे टेम्पोवाल्याला फोन लावला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांच्या संसारात तिला माझी थाप लांबून ओळखू येते. ती एवढंच म्हणाली, "भिंत बांधायला घ्या आता."

आणि दुसऱ्या दिवशीचा रविवार हा निवडीचा शेवटचा रविवार.

तर मी फुलबाजारात ओल्या पाकळ्यांच्या चिखलात गुडघ्यांवर. पत्र्याच्या एका फटीतून उन्हाची तिरीप येत होती, तीही थेट वाटेच्या मध्यावर. "आधी उजेड कुठे पडतोय ते बघा, मग तिथे माणूस यायची वाट बघा," हे अण्णांचं वाक्य आम्हा सगळ्यांना आरतीसारखं पाठ होतं. आणि आरतीसारखंच, म्हणताना अर्थाकडे कुणाचं लक्ष नसायचं. त्यांची आणखी दोन वाक्यं होती. एक, कॅमेरा पिशवीत ठेवण्याआधी सगळी बटणं जागेवर आणून ठेवा. आणि दुसरं, बटण दाबल्यावर कॅमेरा लगेच खाली घेऊ नका. "स्टुडिओत मी पहिला फोटो काढून 'झालं' म्हणायचो. झालं म्हटलं की माणूस श्वास सोडतो, खांदे पाडतो, स्वतःसारखा दिसायला लागतो. दुसरा फोटो तेव्हा. घरी आईबापांना दाखवायला लोक तोच न्यायचे."

शेजारी आमच्यातली आयटीतली मुलगी उभी होती. "काका, बर्स्टवर टाका ना! एका दमात तीस निघतात. एक तरी भारी येतोच."

"तीस वेळा चुकायचं असेल तर जरूर टाका," मागून अण्णा.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. कारण समोरून तो येत होता. काय माणूस! लातूरकडचा हमाल, छातीने दरवाजाएवढा, डोक्यावर झेंडूचं गाठोडं. गाठोडं कसलं, मावळतीचा अख्खा सूर्य फडक्यात बांधून आणला होता. त्याने मला पाहिलं, कॅमेरा पाहिला, आणि चेहरा असा कडक केला की चौकात पुतळा उभारायचा तर दुसरा साचा नको. एक पाऊल, दोन पावलं, तिरिपेत आला. मी श्वास रोखला. बटण दाबलं.

काही नाही. खट् नाही, खुट् नाही. नुसती पुढे एक लाल टिकली मिचमिचायला लागली. बीप. बीप. बीप.

टाकीवरचा टायमर! रात्रभर पिशवीत तसाच. लोणी काळभोरचा गोतावळा अजून माझ्या कॅमेऱ्यात दहा सेकंद मोजत उभा होता.

"गेलं! गेलं! सगळं गेलं!" मी ओरडलो. मेहुण्याचा टेम्पो डोळ्यांसमोर आला. त्यात पुढे सासूबाई, मागे नव्या घराचा गवंडीसुद्धा. मला उठून पळायचं होतं, पण गुडघ्यांनी संप पुकारला. वर होईनात. मी तसाच चिखलात नमस्काराला बसल्यासारखा, हातात बीप करणारं यंत्र, आणि तोंडाने आक्रोश.

हमालाला वाटलं फोटो झाला. त्याने गाठोडं धप्पकन खाली टाकलं. वरची गाठ सुटली, झेंडू उसळला. त्याने डोक्यावरची चुंबळ काढून झटकली, तर तिच्यातून पाकळ्यांचा पाऊस. मग तो गाठोड्यावर टेकला, माझ्याकडे, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि मान मागे टाकून हसला. असं हसला की गळ्याची शीर न् शीर दिसली. डोळे मिटलेले, तोंड उघडं, पाकळ्या अजून हवेत.

खट्.

दहावा सेकंद.

दोन जणांनी मला काखेत धरून उभं केलं. मी पडद्यावर पाहिलं, चिखलाचे हात शर्टाला पुसले, आणि पुन्हा पाहिलं.

अमृततुल्यात माझी पाळी शेवटची. सांगायला केवढं होतं! गुडघे, टायमर, टाकी, सासूबाई, टेम्पो. एकेक गोष्ट दातांवर येऊन धडका मारत होती. मी कॅमेरा पुढे केला आणि क्रीमरोल अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. आयटीतल्या मुलीने घड्याळ लावलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. पाहिलं. चष्मा खाली घेतला. परत पाहिलं. दुकानातला स्टोव्हसुद्धा फरफरायचा थांबला. माझे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, क्रीमरोल विरघळत आला.

"भिंत," अण्णा म्हणाले.

मी जी आरोळी ठोकली तिने क्रीमरोलचा उरलेला भाग समोरच्या गाळ्यावर गेला. चहावाल्याला मिठी मारली. त्याने आधी किटली बाजूला ठेवली, मग मिठी मारून घेतली. "काका, एक मिनिट चाळीस सेकंद!" मुलगी ओरडली. "तुमचा रेकॉर्ड!"

प्रदर्शनाच्या दिवशी टेम्पो आला. फोटो होता मधल्याच भिंतीवर, आणि असा मोठा की पाकळ्या मोजाव्यात. मेहुणा पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. "दाजी," तो म्हणाला, "मला वाटलं थाप हाय." त्याने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर अशी थाप दिली की मी पुढच्या तीन फोटोंपर्यंत चालत गेलो. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी मी दालनात चाललो नाही, मिरवलो.

हमालालाही मी आवर्जून बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसह आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "डोळे मिटल्यात की माझे. आधीचा का नाही लावला? चांगला ताठ उभा होतो."

"राहू द्या," त्याची बायको म्हणाली. "घरी तर एवढं तोंडच उघडत नाहीत." मी दुसरी प्रत करून आणली होती. तिने ती त्याच्या हाती न देता स्वतःच्या पिशवीत टाकली.

लोक विचारत होते, हा क्षण कसा साधला? मी सांगत होतो. पहिल्याला सांगितलं, तासभर दबा धरून होतो. दुसऱ्याला सांगितलं, तीन रविवार. संध्याकाळपर्यंत मी त्या हमालाच्या गावी जाऊन त्याच्या हसण्याचा अभ्यास करून आलो होतो. अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांचा चेहरा पासपोर्टसाठी बसल्यासारखा.

गर्दी ओसरली. टेम्पो गेला. मी अण्णांच्या शेजारी बसलो. सात वर्षं जो शब्द हवा होता तो या माणसाने दिला होता; त्याला तरी खरं सांगावं, असं वाटलं. असं मला वर्षातून एकदाच वाटतं.

"अण्णा," मी हळूच म्हणालो, "तो फोटो मी काढलेलाच नाही. टायमर चालू राहिला होता."

अण्णांनी चष्मा पुसला, डोळ्यांना लावला, आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "बीप मला ऐकू आली होती. चालूच ठेवा तो."