ठोका कोणाचा?

आमच्या साडूभाऊंचा या जगात कोणावरही विश्वास नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यात धानाची शेती करतात आणि उरलेल्या वेळात संशय घेतात. कोणी रामराम घातला की यांच्या कपाळाला आठी, ‘याले काय पायजे असंन?’ एसटीत चढले की कंडक्टरला विचारतील, ‘गाडी अर्जुनीलेच जाते ना?’ आणि तो हो म्हणाला की शेजारच्या प्रवाशाला हळूच, ‘हा कंडक्टरच आहे ना?’ माझं लग्न ठरताना, मुलगा मुर्री गावचा, शाळामास्तर, सुपारीसुद्धा खात नाही, असं कळल्यावर त्यांनी सासऱ्यांना बाजूला घेतलं होतं. ‘एवढा चांगला पोरगा आतापरेंत खाली कसा राह्यला? पाहून घ्या.’ त्याला एकोणीस वर्षं झाली. ते अजून पाहताहेत.

त्यांचा भरवसा एकाच वस्तूवर, बांबूच्या धनुष्यावर. लहानपणी वडिलांच्या मागे जंगलात हिंडून ते शिकार शिकले. आता कायद्याने शिकार बंद, म्हणून धानात शिरणाऱ्या रानडुकरांवर ते टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला बाण सोडतात. ‘मारत नाही मी डुकराले, लाजवून वापस पाठवतो,’ असं ते वनरक्षकालाही सांगतात. वनरक्षक त्यांच्यावर संशय घेतो आणि ते वनरक्षकावर, त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं. रोज सकाळी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, भाऱ्यावर शेणाचा टिळा लावायचा, पन्नास पावलं मोजायची आणि बाण मारायचा. टिळा क्वचितच वाचायचा. याचं गुपित त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही आजूबाजूला बघून. ‘छातीत ठोका पडला का हात हालते, गुरुजी. दोन ठोक्याच्या मधात जराशी जागा रायते. बाण तितूनच काढाचा.’

दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत ते चक्कर येऊन बांधीतच, धानाच्या चिखलात, पडले. नागपुरात नेलं, तेव्हा कळलं की ठोक्यांच्या मधली ती जागा नको तितकी मोठी झाली आहे. पेसमेकर बसवायचा ठरला. साडूभाऊंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, ‘नवीनच आहे ना? कोणाच्या आंगातून काढलेला तं नाही?’ मग डाव्या बाजूला कातडीखाली ती काडेपेटीएवढी डबी बसली आणि त्यांना जन्मभर पुरेल असा संशयित घरातच मिळाला. डबीसोबत खिशात ठेवायला कार्ड मिळालं होतं. ‘कार्ड आहे म्हंजे कनेक्शन आहे. कनेक्शन आहे म्हंजे कोणीतरी आयकून राह्यला.’ मोबाईल छातीजवळ ठेवू नका, असं नर्सने सांगितलं, त्याचाही अर्थ त्यांनी लावला, की हे दोघं आपसात बोलतात. तेव्हापासून त्यांचा मोबाईल गोठ्यात असतो आणि फोन केला की आधी म्हैस ऐकू येते.

सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असा हुकूम होता. ताईंनी धनुष्य धानाच्या कोठीमागे लपवलं. ताईंना खरंच भीती वाटत होती. नवरा चिखलात पालथा पडलेला त्यांनी पाहिला होता. साडूभाऊंनी सहा आठवडे दिवस मोजून काढले आणि त्रेचाळिसाव्या दिवशी तासाभरात धनुष्य शोधलं, कारण संशय त्यांना घरातल्या प्रत्येक कोपऱ्याचा होताच. दोरी सुटताना नेमकी डबीवर बसते, म्हणून त्यांनी छातीवर आहेरातली स्टीलची ताटली बांधली. ताटलीवर ताईंचं नाव कोरलेलं. हृदयावर बायकोचं नाव, म्हणून मी गहिवरणार, तेवढ्यात ते म्हणाले, ‘हरपली तं वळखू येते.’

पुढच्या तपासणीला मीही सोबत होतो. डॉक्टरांनी मशीनवर पाहून विचारलं, ‘रोज सकाळी सहाच्या सुमारास ठोके वाढतात. काय करता तुम्ही?’ साडूभाऊंनी माझ्याकडे वळून दातओठ खाल्ले. ‘पाहा! केली डबीनं चुगली!’ ताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हसले. ताटली काढा, मऊ गादी बांधा, हलकं धनुष्य घ्या, मग चालेल म्हणाले. बाहेर येऊन साडूभाऊ मटकन बाकावर बसले. ‘इतक्या लवकर हो म्हनते, म्हंजे माही आशा सोडली त्यानं.’ ताईंनी जुन्या लुगड्याची गादी शिवून दिली. ती त्यांनी आत काय आहे ते चारदा दाबून पाहून मगच बांधली.

पण डॉक्टर धीर द्यायला एक वाक्य जास्त बोलून गेले होते. तुमचं हृदय चुकलं तरच डबी ठोका देते, नाहीतर ती गप्प असते. त्या वाक्याने आमच्या साडूभाऊंचं सुख गेलं.

यंदा धान कापणीनंतर मी गेलो होतो. सकाळी त्यांनी धनुष्य ओढलं, डोळे बारीक केले, थांबले आणि बाण सोडला. शेणाच्या टिळ्याच्या मधोमध. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं.

‘गुरुजी, हा मी मारला का या डबीनं?’

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. त्यांनी गादी सोडली, सदऱ्याची बटणं काढली. ‘कान लावा अन् सांगा. आता जो वाजून राह्यला, तो ठोका कोणाचा आहे?’

दारात ताई हातातलं सूप तसंच धरून उभ्या होत्या. मी त्या म्हाताऱ्या होत चाललेल्या छातीला कान लावला. तिला तणसाचा वास येत होता. आत ठोके पडत होते, एकामागून एक, सगळे सारखे. मी शाळेत मराठी शिकवतो, मला त्यातलं काय कळणार? तरी मी बराच वेळ ऐकलं आणि म्हणालो, ‘तुमचाच आहे, भाऊ.’

 आता ते शेजारच्याला विचारतील, ताईंना विचारतील, मला पुन्हा कान लावायला सांगतील, असं मला वाटलं.

‘मंग ठीक आहे,’ ते म्हणाले आणि बटणं लावायला लागले.