उताणं उंबर

आवडाबाईच्या हाताला गुण आहे, असं थळपासून किहीमपर्यंत कोणीही सांगितलं असतं. विंचू चावला की माणसाला तिच्याच ओटीवर आणायचं. ती कसलंसं मूळ सहाणेवर उगाळून लेप द्यायची, आणि बहुतेक माणसं आपल्या पायांनी घरी जायची. पैसा ती घ्यायची नाही. मान मात्र घ्यायची, आणि पुरेपूर घ्यायची. नवरा तरुणपणीच गेलेला, दिरांनी खाडीकाठच्या खाजणातला जमिनीचा खारट तुकडा हातावर ठेवून वेगळी काढलेली. अशा बाईला गावात कोण विचारतो? त्या मुळापायी विचारत होते.

मूळ तिला सासूनं, येसूबाईनं, मरताना दाखवलं होतं. औषध एकालाच सांगायचं आणि तेही डोळे मिटायच्या वेळी, ही रीत. आधी सांगितलं तर गुण सांगणाऱ्याचा हात सोडतो. ही रीत ज्यानं पाडली त्यानं किती औषधं सरणावर चढवली असतील, देव जाणे.

झाड कसलं, वीतभर रोप ते. कनकेश्वराच्या डोंगरात ओहोळाकाठी, कायम सावली नि ओल असलेल्या दगडांच्या फटीत उगवणारं. पान मोडलं की पांढरा चीक यायचा. वड, पिंपळ, उंबर ही सगळी त्याची भावकी, पण या दांडग्या भावकीत हे एवढंसं कसं निपजलं कोण जाणे. उंबर आपली फुलं पोटात कोंडून ठेवतं, म्हणून तर ते फूल कोणाला दिसत नाही. या रोपाला तेवढीही लाज नव्हती. कोवळं उंबर चिरून उलगडावं आणि आभाळाकडे तोंड करून ठेवावं तशी त्याची हिरवी चकती, कडेला झालर, आणि खसखशीएवढी फुलं उघड्यावर रुतलेली. येसूबाई त्याला उताणं उंबर म्हणायची.

डोंगर चढायचा कंटाळा, त्यात कोणी पाळत ठेवील ही भीती. म्हणून आवडाबाईनं तिथली होती नव्हती तेवढी रोपं खणून आणली आणि परसात न्हाणीमागे, पाणी मुरायच्या जागी लावली. ओहोळाकाठी एकही ठेवलं नाही. आता आपल्याशिवाय कोणाच्या हाती लागायचं नाही, असं म्हणून ती निर्धास्त झाली.

पण रोप तिच्या रीतीतलं नव्हतं. बी पिकलं की चकती ते चिमटीतून उडवावं तसं लांब फेकायची. न्हाणीमागचं रोप कधी तुळशीपाशी उगवायचं, कधी दगडी गडग्यापलीकडे शेजारणीच्या, मैनाच्या परसात. मग पावसाळाभर आवडाबाईला एकच उद्योग. आपल्याकडची पिल्लं उपटायची आणि गप्पा मारायच्या निमित्तानं मैनाकडची. शेजारीण तण काढून देते म्हणून मैना बिचारी खूश.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मुलाचं, रावजीचं, लग्न झालं आणि राही सून म्हणून घरात आली. हाताची चलाख, डोळ्यांची त्याहून. वर्षभरात तिनं विचारलं, “आत्ये, न्हाणीमागं उगवतंय, त्याचंच मूळ ना ते?”

आवडाबाईच्या मनात आलं, हिला कळलं तर उद्या लोक हिच्याकडे जातील, आणि आपण पुन्हा खाजणातली रांडव. “गवत हाय ते,” ती म्हणाली. “औषध डोंगरात असतंय.”

सासू म्हणते म्हणजे तसंच असणार. राहीनं पुन्हा विचारलं नाही.

पुढल्या माघात आवडाबाई पालीला बल्लाळेश्वराच्या उत्सवाला गेली. ती परत यायच्या आत काहीतरी करून दाखवावं, या हौसेनं राहीनं न्हाणीमागची जागा हातभर खणून काढली. रोपं तेव्हा सुकलेली, मातीत नुसती गाठाळ मुळं. नवे दगड बसवले, आणि निघालेला सगळा केरकचरा पाटीनं नेऊन भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता त्या तुकड्यावर टाकला. शेणापाल्याबरोबर तोही जळून गेला.

“आत्ये, बघा, गवताचं नाव न्हाय ठेवलं,” घरात पाऊल टाकताच राही म्हणाली.

बोलावं तर गुपित फुटतं. आवडाबाई “बेस केलंस” म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती डोंगरात गेली. ओहोळ कोरडा, आणि दगडांच्या फटीत तिनंच काही ठेवलेलं नव्हतं.

वैशाखात पावसाआधी लाकडं घरात घेताना मोळीखालून लाल विंचू निघाला आणि राहीच्या बोटाला डसला. भर दुपार होती. राही कळवळली, पण घाबरली नाही. “आत्ये, मूळ लावा. मग काय व्हत न्हाय.”

आवडाबाई आत गेली. भिंतीतल्या देवळीत ठेवलेलं मूळ कधीच संपलं होतं. तिनं सुंठ घेतली, उगाळली आणि तोंड आवळून लेप दिला. हे मूळ नाही, एवढं एक वाक्य तिच्या तोंडून फुटलं नाही, तेव्हाही नाही. राही म्हणाली, “जरा बरं वाटतंय.” मग तिला दरदरून घाम फुटला, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला. रावजी अलिबागच्या डॉक्टरसाठी बैलगाडी जुंपत होता. दिवेलागणीला राही गेली.

लाल विंचवावर ते मूळ चाललं असतं का, माझी खात्री नाही. साध्या विंचवाचं विष बहुधा आपोआप उतरतं आणि यश वैद्याच्या पदरात पडतं. पण आवडाबाईला शंका नव्हती. आपण मूळ जाळवलं आणि सून जाळली, एवढंच तिला कळत होतं.

गावानं आपला हिशेब केला. जिला घरची सून राखता आली नाही, तिच्या हाताला कसला गुण? ओटीवर कोणी येईनासं झालं.

श्रावणात गडग्यापलीकडे मैनाच्या परसात चार रोपं वर आली, हिरव्या चकत्या आभाळाकडे करून. आवडाबाईनं ती पाहिली आणि रीत बुडाली तर बुडो म्हणून मैनाला हाताला धरून तिथं नेलं.

“हेच ते इंचवाचं मूळ. उताणं उंबर म्हनतात. तुझ्या सुनांना दाखव. साऱ्या गावाला दाखव.”

मैनानं रोपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत कीव होती, आणि ती आवडाबाईला थपडेसारखी लागली.

“आवडाबाय, सून गेल्याधरनं तुमचं डोकं ठिकान्यावर न्हाय,” मैना म्हणाली आणि वाकून तिनं एकेक रोप मुळासकट उपटलं. “गवत हाय ते. राहीनंच सांगितलेलं मला. ती कधी खोटं बोलायची न्हाय.”