ओहोटीला आलेली होडी

दहावीच्या इंग्रजीत माझी ही विद्यार्थिनी एकदा नापास झाली होती. आता फेरपरीक्षा उद्यावर आली होती. पुन्हा नापास झाली, तर आई तिला कोळंबी सोलायच्या शेडमध्ये नेणार होती. माझ्या पडवीत, दमट हवेने मऊ पडलेल्या कागदावर ती उतारा सोडवत होती. उताऱ्यातला मच्छीमार ऐन ओहोटीला खाडीत शिरतो. होडी कधी आली, या प्रश्नाला तिने दोनदा समजावूनही इंग्रजीत लिहिले होते: भरती आल्यावर.

मी उताऱ्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवले. "अगं, उताऱ्यात आहे तेच लिही."

"पण बाई, ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी कुठे असतं? होडी रुतेल. लिहिणाऱ्याने खाडी बघितलीय तरी का?"

तिचे वडील हंगामात रोज होडी घेऊन खाडीबाहेर भरतीसाठी ताटकळतात, हे मला ठाऊक होते.

"रुतेल," मी म्हणाले. "तरी उद्या पेपरचे तीन तास तिला आत येऊ दे."

ओठ घट्ट मिटून तिने उत्तर इतक्या जोराने खोडले की कागद फाटला. मग त्याखाली सावकाश, सुवाच्य अक्षरांत तिने ओहोटी लिहिली.

"तीन तासच हां, बाई."