झाकणानं फोडलेलं बिंग

"खोटं बोलू नगंस, बोकदान. ही खरवड कढईतली न्हवं."

माएंग लोहारानं करपलेल्या भाताचा तो तुकडा उजेडात धरला होता. जेवण उरकलं की हा गडी आधी कवळी काढून कागदावर ठेवायचा, मग खरवडीचं गरम पाणी मागायचा. कवळीबिगर बोलणं फसफसायचं, पण डोळे ससाण्याचे.

"मग काय आभाळातनं पडली, दादा?" बोकदान म्हणाली.

गुर्ये गावच्या बाजारात तिची खानावळ. दारावर पाटी, 'बिडाच्या कढईतला भात'. कढई माएंगनंच ओतलेली. तीन पिढ्या तडा जाणार नाही, असं तो बाजारभर सांगत फिरलेला. आणि थंडीत एके सकाळी बोकदान बहिणीशी फोनवर कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होती, त्या नादात तापल्या रिकाम्या कढईत तिनं गार पाणी ओतलं. टण्ण. तेव्हापासून भात विजेच्या कुकरात. त्या शहाण्या यंत्राला एक शीत करपवता येत नाही. म्हणून ती रोज उरलेला भात ओल्या हातानं तव्यावर पसरायची, दाबून पातळ करायची आणि मंद आचेवर सोडून द्यायची. कडा आपसूक सुटल्या की उलटायची. निम्मी खरवड कुरकुरीत खायला, निम्मी पाण्यात उकळून चहासारखी प्यायला. चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं तर पाटी उतरणार, आणि माएंगदादाचंही हसं होणार.

"कढईचं बूड गोल," माएंग म्हणाला. "तिची खरवड वाटीगत निघती. ही बघ, पाटासारखी सपाट."

"बसून बसून चपटी झाली आसंल."

"बसून बसून माणसं चपटी हुत्यात, भात न्हाई," शेजारच्या मेजावरची लसूणवाली सुंगाप म्हणाली.

माएंगनं तुकडा पालथा केला. "आन ह्याच्यावर हे काय लिवलंय?"

बोकदाननं वाकून पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. बाजाराच्या दिवसाची घाई. सकाळी उलथणं सापडेना, म्हणून तिनं भाताच्या वाटीचं झाकण घेऊन दाबलं होतं. त्या झाकणावर उठावाचं 'बोक' असतं, म्हणजे भाग्य. घरोघरी तसलीच झाकणं. त्यांच्या लिपीत 'बोक' म्हणजे एकाखाली एक रचलेलं एकच अक्षर; ते भातात आरशातल्यागत उलटं छापून आलं होतं. वरचा भाग दोन्हीकडून सारखाच, पण खालचा पाय भलत्या बाजूला वळलेला.

सुंगापनं मान तिरकी करून वाचलं. "बोक. बोकदानचं बोक. अगं, भातावर सही करतीस व्हय? ती बी उलटी?"

बोकदानच्या नाकातून आधी फुस्स निघालं. मग तिला आवरेना. मेजामेजावर माणसं आपापला तुकडा उलटून बघू लागली. "माझ्यात नुसता पाय आलाय," एकजण कुरकुरला. माएंग हसता हसता मेजावर थापा मारत सुटला, तशी कवळी टुणकन उडून मुळ्याच्या तिखट लोणच्यात, किमचीत पडली. ती काढायला चिमटा आणावा लागला.

"फुटली, दादा," डोळे पुसत बोकदान म्हणाली. "थंडीत. गार पाणी ओतलं म्या."

माएंगनं वाटी उचलली. खरवडीचं पाणी तो तळापर्यंत प्याला.

"ठावं हाय मला. चार म्हैनं तुज्या धुराड्यातनं धूर न्हाई. म्हटलं बघू, कवा सांगतीस."

"मग इतकं दिस खाल्लंस कशाला?"

"पाण्याची चव खरी हाय म्हणून. आता पाटी उतरव."

बोकदान दाराकडं वळली.

"आन दुसरी लाव," माएंग म्हणाला. "'बोकची खरवड'. पाय उलटाच काढ, न्हाईतर लोक वळखायची न्हाईत."

"आन ती फुटकी कढई मला दे," सुंगाप म्हणाली. "लसूण ठिवाया झाक हाय."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या मेजावरून हाक आली, अक्षरवाली खरवड तीन ताटं, आणि पाय पुरता उमटलेला पाहिजे. बोकदाननं हात ओला केला, कालचा भात तव्यावर पसरला, आणि ती झाकण घेऊन दाबायला लागली.