तिसऱ्या चरणाआधी इंजिन बंद

शारजाहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला रोज सकाळी जाणाऱ्या माणसाला थापा मारायची गरजच पडत नाही. जे घडतं ते जसंच्या तसं सांगितलं तरी लोक थापाच समजतात. मी घरून गुळगुळीत दाढी करून गाडीत बसायचो, पल्लवी सुरू व्हायची, आणि दुसरं चरण येईपर्यंत दाढी पुन्हा वाढलेली असायची. बायको म्हणते, तुमच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यावं आणि उरलेलं दोन पाण्यांनी धुऊन घ्यावं. घ्या धुऊन. ट्रॅफिक तेवढाच उरेल.

पल्लवी म्हणजे आपलं ध्रुवपद आणि चरण म्हणजे अंतरा. हे मला अण्णांनी शिकवलं. इथे ज्याच्याकडे गाडी असते तो वाटेवरच्या दोघाचौघांना रोज कामाला नेतो-आणतो, त्याला कारलिफ्ट म्हणतात. आमच्या कारलिफ्टचे सारथी अण्णा. मदुराईकडचे, साठीला टेकलेले, आमच्याच अॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्वालिटी बघणारे. त्यांच्या गाडीत नियम एकच: जुन्या तमिळ सिनेमातली गाणी लागणार, आणि पुढच्या सीटवर जो बसेल त्याने ती नीट ऐकायची. मागे बसणाऱ्याला झोपायची मुभा होती. मागची सीट रत्नागिरीच्या भाईंनी कायमची घेतली होती. भाई बसले की पट्टा लावायचे, टोपी नाकावर ओढायचे, आणि त्यांच्या घोरण्याने शेजारच्या लेनमधले ट्रक बाजूला व्हायचे.

अण्णा गाणं वाजवायचे नाहीत, उलगडायचे. एक ओळ झाली की बटण दाबून थांबवायचे. मग हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या खिचडीत अर्थ. "सुनो तंबी. इधर कवी नहीं बोलता, लडकी सुंदर है. बोलता है, फूल तोडने को हात ऊपर किया, तो डाली खुद नीचे आ गयी. क्यों आयी? सोचो. यल्ला, सोचो!" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तंबी विचार करायचा. मागून टोपीखालून आवाज यायचा, "अण्णा, सोमवारपासून त्या बाईचा हात वर आहे हो. फूल तोडू द्या तिला एकदाचं."

"तुम सो जाओ भाई."

"झोपू कसा? माझाच हात दुखायला लागला."

पण खरं सांगतो, आणि हे न धुता घ्या: त्या गाण्यांनी मला गार केलं. एक शब्द कळत नव्हता तेव्हाही कळत होतं की गाणारा शब्दाला धक्का लावत नाहीये. काचेचं भांडं ओट्यावर ठेवावं तसा प्रत्येक शब्द ठेवतोय. मग अण्णांनी मला त्यांच्या जुन्या कवींची युक्ती सांगितली. तमिळ कवितेत मुलूख म्हणजे मनाची अवस्था. डोंगर आला की भेट होणार. रान आलं की वाट बघणं. समुद्रकिनारा आला की झुरणं. आणि वैराण, कोरडी जमीन आली की ताटातूट. सिनेमातल्या गाण्याचा कवी तेच भांडवल वापरतो, फक्त सोपं करून. एवढं सांगून त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. रस्त्याच्या कडेने वाळू, वाळूवर खांब, खांबांवर तारा.

"देखो तंबी. हम लोग कौनसे गाने में रहते हैं."

त्या दिवशी भाईंचं घोरणंसुद्धा थांबलं होतं.

अण्णांचं सगळ्यात लाडकं गाणं हाराचं होतं. पहिल्या चरणात नायक पहाटे फुलं खुडतो. दुसऱ्या चरणात बसून हार गुंफतो, आणि प्रत्येक फुलाला विचारतो, तिच्या गळ्यात गेल्यावर मला विसरणार नाहीस ना? गोड, मऊ, मागे सनईसारखं नागस्वरम्. दुसरं चरण संपेपर्यंत गाडी कारखान्याच्या पार्किंगमध्ये, अण्णा किल्ली फिरवणार, इंजिन बंद, गाणं बंद. "खलास. ड्युटी." ईदच्या आसपास रस्ता मोकळा असला आणि दुसरं चरण वाटेतच संपलं, तर अण्णा गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायचे. आवडतं म्हणून, दुसरं काय. तिसरं चरण आहे हेही मला माहीत नव्हतं. मी त्या गाण्याचा विद्वान होतो, फक्त ते संपतं कुठे ते सोडून.

विद्वान झालो म्हटल्यावर गप्प बसणं आलं का? कँटीनमध्ये मी असा बोलत सुटलो की केरळचा फोरमन मला तमिळ समजून घरचं विचारायला लागला. माझी ही कीर्ती अण्णांच्या मुलीपर्यंत पोचली. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी जाहिरात कंपनीत. तमिळ स्वयंपाकघरापुरतं, जेवण वाढण्याएवढं. तिचा फोन आला.

"अंकल, आय नीड युअर हेल्प. अप्पांचं साठावं लग्न आहे."

तमिळ लोकांत पुरुषाला साठ वर्षं पूर्ण झाली की तो त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतो. आपल्याकडे साठीशांत करतात त्यातलाच प्रकार, पण त्यांच्याकडे ताली म्हणजे मंगळसूत्र, हार, भटजी, जेवण, सगळं साग्रसंगीत. बर दुबई भागात एका रेस्टॉरंटच्या वरचा हॉल ठरला होता. अण्णींचे नातेवाईक मदुराईहून येणार होते. अण्णी म्हणजे अण्णांची बायको, आमची वहिनी.

"हार घालतात तो मोमेंट मला त्यांना द्यायचाय," मुलगी म्हणाली. "अप्पांचं एखादं गाणं लावायचंय. पण कुठलं ते मला माहीतच नाही, अंकल. शाळेची सगळी वर्षं मी त्यांच्या गाडीत इयरफोन घालून बसले. सगळे कझिन्स मला दुबई प्रॉडक्ट म्हणतात. मला त्यांना दाखवायचं नाहीये. मला अप्पांना दाखवायचंय की... यू नो. आय वॉज देअर इन द कार."

मी छाती फुगवून म्हणालो, "बेटा, तू योग्य माणसाला फोन केलास. हाराचं गाणं! फुलं खुडण्यापासून गुंफण्यापर्यंत. पुढे उरलं काय? गळ्यात घालणं. ते तुझे अप्पा करतील."

"मी मीनिंग गूगल करू का?"

"गूगलला काय कळतंय? मी आहे ना!"

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाचं वाटोळं चाललंय?"

शनिवारी सकाळी हॉलमध्ये मोगऱ्याचा असा घमघमाट होता की एसीतून अत्तर गळत होतं. हार देवळाच्या गल्लीतून आणलेले, माणसाच्या मांडीएवढे जाड. मला साऊंडसिस्टीमजवळ मानाची जागा होती. फोन मुलीचा, आवाजाची कळ माझ्याकडे. माझ्या शेजारी अण्णींचे एक मामा बसले होते, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे हिंदी उत्तम. भाई जेवणाच्या दाराशी मोक्याची खुर्ची धरून.

आता इथे एक रिवाज मध्ये येतो. हार घालताना नवऱ्यामुलाला त्याचे लोक खांद्यावर उचलतात आणि नवरीला तिचे. हार सहजी गळ्यात पडू द्यायचा नाही, थोडी मजा करायची. विसाव्या वर्षी ठीक आहे. साठाव्या वर्षीही ठीक असतं, पण अण्णी अण्णांपेक्षा वीतभर उंच. त्यांना उचलायची गरजच नव्हती. म्हणून भाच्यांनी एकट्या अण्णांना उचललं. अण्णांनी अर्धं आयुष्य बसून गाडी चालवली आहे, आणि ते सगळं बसणं त्यांच्या अंगावर जमा आहे. चार भाचे त्यांना घेऊन समुद्रातल्या होडीसारखे डुलू लागले. हार अण्णींच्या दिशेने जायचा, होडी मागे जायची. हॉल हसतोय. मुलीने फोनवर बोट ठेवलं. नागस्वरम् सुरू झालं.

पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी एकदम माना वळवल्या. मी मनात म्हणालो, बघा, चकित झाले. एका आजीने तोंडावर पदर धरला. मी म्हणालो, गहिवरली. मामांनी मला विचारलं, "ये गाना किसने चुना?" मी नम्रपणे छातीवर हात ठेवला.

दुसरं चरण संपलं. होडी अजून डुलतेच आहे. आणि गाणं थांबलं नाही. पुढे गेलं. मी आयुष्यात न ऐकलेला भाग सुरू झाला, आणि गायकाचा आवाज एकदम बसला, कुणीतरी दिवा बारीक करावा तसा.

अण्णांनी वरून माझ्याकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात हारात, त्यातला एक त्यांनी सोडवला आणि हवेत मनगट जोरजोरात फिरवलं. मी रोज बघितलेली खूण. किल्ली फिरवायची. इंजिन बंद. पण त्या क्षणी मला काय वाटावं? वाहवा! अण्णांना इतकं आवडलंय की कळ फिरव, आवाज वाढव म्हणतायत. मी फिरवली. पूर्ण. मला वाटतं, खाडीवरच्या अब्रा बोटींतल्या प्रवाशांनीही ते चरण ऐकलं असेल.

मी मामांना हळूच विचारलं, "क्या बोल रहा है?"

मामा रेल्वेच्या अनाऊन्समेंटसारखे सपाट आवाजात म्हणाले, "बोल रहा है, हार मेरा, गला तेरा, लेकिन पहनानेवाला हाथ दूसरे का. लडकी की शादी दूसरे से हो रही है. ये आदमी सिर्फ हार पहुंचाने आया है."

माझ्या विद्वत्तेवर एक मोठा दगड पडला. नाही, डोंगर. नाही, बाहेर रस्त्याकडेची सगळी वाळू.

मुलीला शब्द कळले नव्हते, पण माणसांचे चेहरे कळले. ती फोनकडे धावली, डोळे काठोकाठ. तोच अण्णींनी हात वर केला. "इरु," त्या म्हणाल्या. थांब. मुलगी जागच्या जागी थांबली. गाणं शेवटपर्यंत वाजलं. मग अण्णींनी वर बघून नवऱ्याला हाक मारली, "एन्नंग." म्हणजे आपलं अहो. पुढचं मामा मला हळू आवाजात सांगत होते.

"अहो. घरात हे गाणं लागलं की तुम्ही रेडिओ बंद करता. टीव्हीवर लागलं की तुम्हाला तहान लागते. मी समजत होते तुम्हाला आवडत नाही. पोर म्हणते तुमचं लाडकं आहे. खरं काय?"

अण्णा खांद्यांवर. उतरता येईना, पळता येईना. चार भाचे घामाघूम, पण एकानेही त्यांना खाली ठेवलं नाही. त्यांनाही ऐकायचं होतं. शेवटी अण्णा वरूनच बोलले.

अण्णी त्यांच्या मामाची मुलगी. लहानपणापासून यांच्या मनात तीच. पण तिचं लग्न आधी दुसरीकडे ठरलं होतं. साखरपुड्याला घरच्यांनी सायकलवर हार आणायला पाठवलं ते यांनाच. वाटेत कुठल्यातरी हॉटेलात रेडिओवर हेच गाणं लागलं होतं. तिसरं चरण आलं तसे ते तिथून निघून गेले. पुढे त्या लोकांना मुलगी फार उंच वाटली, ते लग्न मोडलं, आणि यांचं जमलं. गाणं ते रोज ऐकत आले, पण तिसऱ्या चरणाच्या दाराशी पोचले की मागे फिरायचे.

"एवढ्या वर्षांत मला सांगितलं नाहीत?" अण्णी म्हणाल्या.

"तू विचारलं नाहीस."

"मी काय विचारणार? हार कोण घेऊन आला होता, हे?" मग त्या मुलीकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मुलगी रडता रडता हसली. मामांनी सांगितलं, "बोली, मुझसे जो नहीं निकला वो तूने निकाल दिया." मग पुन्हा नवऱ्याकडे, "हार तुमचा, हात तुमचा. आता घाला लवकर, नाहीतर भाचे मरतील." आणि वीतभर उंच अण्णींनी स्वतःच मान खाली केली.

हॉल असा उसळला की खालच्या रेस्टॉरंटमधले डोसे म्हणे आपोआप उलटले. दारातून भाई ओरडले, "सुटला एकदाचा त्या बाईचा हात!"

मला कुणी काही बोललं नाही. उलट जेवताना दोन मावश्यांनी माझ्या पानात जिलबी वाढली, चूक केलेल्या पाहुण्याला वाढतात तशी, जरा जास्तच. बायको कानाशी म्हणाली, "गूगलला काय कळतंय, नाही का?"

सोमवारी सकाळी मी खाली उतरलो तर पुढच्या सीटवर अण्णांची मुलगी. तिच्या कंपनीला म्हणे आमच्या कारखान्याच्या भागात एक काम मिळालं आहे. इयरफोन दिसले नाहीत. "सॉरी अंकल," ती म्हणाली, सॉरी वाटत असल्यासारखं अजिबात न दाखवता. मी मागे गेलो. भाईंनी टोपी उचलून माझ्याकडे बघितलं, अर्धा इंच सरकले आणि पुन्हा घोरू लागले.

ओळ झाली की बटण. "अप्पा, व्हॉट डज दॅट मीन?" अप्पा सांगायचे. तिला पहिल्याच फटक्यात कळत होतं, त्यामुळे आम्ही वाळूत असतानाच दुसरं चरण संपलं. अण्णांचा हात बटणाकडे गेला.

"अप्पा. तिसरं."

पार्किंग आलं. अण्णांनी किल्लीला हात लावला नाही. गाडीने एक चक्कर मारली, मग दुसरी. वॉचमन तिसऱ्या चकरेला सलाम करायला लागला. मी मागून म्हणालो, "अण्णा, पंचिंग लेट होईल."

अण्णा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम सो जाओ तंबी."