अंगठा कोणी हलवला?

सिरसाळ्याच्या बाजारात रेवणप्पांचं कापडाचं दुकान. कात्रीचं टोक नुसतं लावायचं आणि दोन्ही हातांनी कापड टर्रकन सरळ फाडायचं, ही त्यांची खासियत. साठी ओलांडली आणि एका सकाळी डावा हात लकव्यानं गेला. तो अंगाला होता, पण त्यांचा राहिला नव्हता. पूजेला बसले की डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठरेना. बायको महादेवी खालून आपला हात लावायची.

काही आठवड्यांनी तिनं त्यांना लातूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तेजश्री डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि तारांचं एक कडं डोक्याच्या उजव्या बाजूला धरलं.

"काका, हात सैल सोडा. काही करू नका."

टक् असा आवाज झाला आणि मांडीवर पडलेला डावा अंगठा उडाला.

रेवणप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. "म्या न्हाई हलवला," ते हळूच म्हणाले.

"मी हलवला," डॉक्टर म्हणाल्या. "या कड्यात क्षणभर वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून आत जाऊन मेंदूत विजेची लहर उठवतं. ती हातापर्यंत पोचली, म्हणजे वाट शाबूत आहे. हात सुधारेल."

महादेवीनं पदर डोळ्यांना लावला. रेवणप्पांचं मन मात्र भलतीकडंच गुंतलं होतं.

"मंग म्या सवता हलवतो, तवा आत चुंबक कोण धरतं?"

डॉक्टरांनी कडं बाजूला ठेवलं. "लहर उठलेली आम्हाला दिसते, काका. 'मी' म्हणणारा तिथं नेमका कुठं असतो, ते अजून कुणालाच सापडलेलं नाही."

घरी आल्यावर ते रोज हात मांडीवर घेऊन बसत आणि त्याला हल म्हणत. हात ऐकत नसे. मग एका दुपारी, दुकानात बसल्या बसल्या, अंगठा वळला. त्यांनी पुन्हा मनात आणलं, पुन्हा वळला. त्यांनी महादेवीला हाक मारली आणि अंगठा वळवून दाखवला.

"अवो, कसं केलं?"

"म्याच केलं," ते म्हणाले. "पर कसं केलं, ते मला बी ठावं न्हाई."



बोटांत जोर पुढंही कमीच राहिला. पण गिऱ्हाईक कापडाचा पोत चाचपायला हात पुढं करतं, तेव्हा ती बोटं आतून कोण हलवतं म्हणून रेवणप्पा गिऱ्हाइकाच्या हाताकडंच बघत राहतात. भाव महादेवीला सांगावा लागतो.